छापील ऊती आणि पदवीनंतरची वर्षे
(पोखर्णी येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



श्रीनृसिंहाच्या या क्षेत्री आपल्या संस्थेचे वार्षिक संमेलन भरत आहे. परिपाठाप्रमाणे कोणी जाणत्याने चार शब्द सांगावे म्हणून कार्यकारी मंडळाने आमची योजना केली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत; पुढे शिक्षकाची सनद घेतली आणि सारी हयात प्राथमिक शाळेत गेली. अशा माणसाने मानवी ऊती यंत्रावर छापण्याच्या शास्त्राविषयी बोलावे, हे कित्येकांना विपरीत वाटेल. परंतु हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. तो आपल्या संस्थेच्याच दप्तरातून निघाला आहे.

गतवर्षीच्या वधूवर-सूचीत एका कन्येच्या नावापुढे 'शिक्षण : चालू' अशी नोंद आहे. वय एकतीस. वस्तुतः तिने पीएच. डी. ही पदवी केव्हाच संपादन केली असून ती दक्षिणेतील एका प्रयोगशाळेत डॉक्टरेटोत्तर संशोधन करीत आहे. तिने विद्यार्थिसाहाय्य निधीकडे अर्ज केला, तेव्हा बैठकीत प्रश्न निघाला की, "डॉक्टर झाली, तिशी उलटली, तरी शिकतेच आहे काय?" अर्ज नियमात बसत नाही म्हणून बाजूस ठेवण्यात आला. नियमाचा अर्थ बरोबरच लावला गेला, त्याविषयी आमची तक्रार नाही. प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांचा हेतूही वाईट नव्हता. पण त्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते मिळवावयाचे म्हणून आम्ही दसऱ्याच्या सुटीत तिच्या घरी जाऊन बसलो. आमचीच ती जुनी विद्यार्थिनी. नाव घेण्यास तिने मनाई केली आहे, म्हणून घेत नाही.

प्रथम 'डॉक्टरेटोत्तर' म्हणजे काय ते पाहू. बी. एस्सी., एम. एस्सी. होता होता तेविसावे वर्ष लागते. पीएच. डी. ला पाच वर्षे, कधी सहा. पदवी मिळाली म्हणजे मनुष्य संशोधन करण्यास पात्र ठरला, इतकेच. सुताराच्या हाताखाली राहून मुलगा रंधा धरावयास शिकला, तरी स्वतःच्या जबाबदारीवर वाड्याचे काम घेण्यापूर्वी तो चार वर्षे दुसऱ्या कसबी माणसाकडे काढतो. तसाच हा काळ. नेमणूक दोनतीन वर्षांच्या मुदतीची असते. मुदत संपली की नवी जागा पाहावयाची. पगार नसतो, विद्यावेतन असते. आमच्या या विद्यार्थिनीचे विद्यावेतन एकदा तीन महिने आलेच नाही आणि खोलीचे भाडे तिच्या धाकट्या भावाने सोयाबीनच्या पट्टीतून भरले. हे तिने सांगितले नाही, तिच्या आईने सांगितले.

आता मूळ विषयाकडे वळू. त्यासाठी आपणांस सव्वादोनशे वर्षे मागे, पुण्यास नेतो.

इ. स. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा गडी टिपूच्या हाती सापडला. इंग्रजांनी त्याचे नाव कावसजी असे नोंदविले आहे. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. हा माणूस विटा करणाऱ्यांच्या जातीतला होता, असे त्या वृत्तांतात स्पष्ट लिहिले आहे. मुंबई इलाख्यातील क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया समक्ष पाहिली, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगेझिन' मासिकात सचित्र वर्णन प्रसिद्ध झाले.

कृती ऐकण्यासारखी आहे. कारागिराने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला व भोवती रेघ ओढली. मग रेघेवरून कपाळाची कातडी सोडविली. मात्र दोन भुवयांच्या मधोमध एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवली. कातडी पिळून खाली वळविली आणि कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर लावून ती जागच्या जागी चिकटविली. चार दिवसांनी तुपात भिजविलेल्या घड्या. आणि ती भुवयांमधली पट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी कापली.

ती पट्टी का ठेवली? रक्ताची वाट राहावी म्हणून. नवे नाक गालफडाशी जुळून तेथले रक्त घेऊ लागेपर्यंत जुन्या वाटेने रक्त येत राहिले पाहिजे, नाही तर कातडी काळी पडून गळून जाईल. हे त्या विटा करणाऱ्याला ठाऊक होते. श्रोतेहो, ही पट्टी ध्यानात ठेवा. आजचे सारे शास्त्र तिच्यापाशीच येऊन अडले आहे.

आणखी एक गोष्ट. त्या वृत्तांतात बैलवाल्याचे नाव आहे, डॉक्टरांची नावे आहेत. ज्याने नाक केले त्याचे नाव नाही. विद्या घराण्यात राहिली, बापाकडून मुलाकडे गेली, कोठे लिहिली गेली नाही. लंडनच्या कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने या माहितीवरून अभ्यास केला, १८१४ साली स्वतः शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली पुस्तक छापले. त्यानंतर युरोपात ही 'हिंदी पद्धत' म्हणून पसरली. आपल्याकडे मात्र तो हात कोणाच्या घरी संपला हे कोणास सांगता येत नाही. जातीच्या कोंडवाड्यात राहिलेल्या विद्येचे काय होते याचा हा दाखला जातीच्या संमेलनात सांगणे थोडे धाडसाचेच. पण तो येथे नाही सांगावयाचा तर कोठे?

असो. नाक करावयास कपाळाची कातडी मिळाली. पण ज्याचे सर्वांग भाजले आहे त्याने कातडी कोठून आणावी? मूत्राशय, हाड, कानाची पाळी कोठून आणावी? दुसऱ्याचे अवयव घ्यावे तर ते दुर्मिळ, आणि घेतले तरी शरीर परके म्हणून त्यांच्यावर तुटून पडते. यावर शास्त्रज्ञांनी काढलेला मार्ग असा : रुग्णाच्याच शरीरातून चिमूटभर जिवंत पेशी घ्यावयाच्या, बाहेर वाढवावयाच्या, आणि त्यांना हवा तो आकार यावा म्हणून एक परांची उभी करून द्यावयाची. गवंडी भिंत बांधताना बांबूची परांची उभारतो आणि काम झाले की सोडतो. येथे परांची अशा पदार्थाची करतात की पेशी वाढून स्वतःचा भराव घालू लागल्या म्हणजे ती शरीरात आपोआप विरघळून जाते. या विद्येस ऊतिअभियांत्रिकी म्हणतात. रॉबर्ट लँगर व जोसेफ व्हॅकांटी या दोघा अमेरिकनांनी १९९३ साली 'सायन्स' नियतकालिकात लिहिलेल्या लेखाने तिला जगभर प्रतिष्ठा मिळाली.

१९९७ साली एका उंदराच्या पाठीवर माणसाच्या कानाच्या आकाराची कूर्चा वाढविलेली छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि जगात खळबळ उडाली. लोक म्हणाले, ही ईश्वरी योजनेत ढवळाढवळ आहे. आम्हांस वाटते, नृसिंहाच्या गावच्या लोकांनी तरी दोन रूपे एका देही पाहून दचकू नये! तो मनुष्याचा कान नव्हताच. वासराच्या कूर्चेच्या पेशी कानाच्या आकाराच्या परांचीवर वाढविल्या होत्या. २००६ साली अँथनी अटाला या डॉक्टरांनी सात रुग्णांच्या स्वतःच्या पेशींपासून वाढविलेली मूत्राशये त्यांना बसविल्याचे वृत्त दिले. तेव्हा वाटले, आता काय, दहा वर्षांत सारे अवयव दुकानात मिळतील. तसे झाले नाही. मूत्राशयाच्या पुढील चाचण्यांतही तितकेसे यश आले नाही.

मग छपाई कोठून आली? अक्षरांची छपाई करणारे शाईफवाऱ्याचे यंत्र आपण पंचायतीच्या कचेरीत पाहिले असेल. अमेरिकेतील थॉमस बोलंड व त्यांचे सहकारी यांनी २००३ च्या सुमारास तसलेच यंत्र थोडे फेरफार करून घेतले आणि शाईच्या जागी जिवंत पेशी भरल्या. पेशी कागदावर पडाव्यात तशा थेंबाथेंबाने पडल्या आणि बहुतेक जिवंत राहिल्या. त्याआधी, १९८४ साली, चार्ल्स हल यांनी थरावर थर रचून भरीव वस्तू तयार करण्याच्या यंत्राच्या एकस्वासाठी अर्ज केला होता. या दोन कल्पनांचा संयोग म्हणजे आजची ऊतींची छपाई.

आमच्या विद्यार्थिनीने आम्हांस हे निराळ्या रीतीने समजाविले. ती म्हणाली, "गुरुजी, आमचे यंत्र म्हणजे सोऱ्याच. आई उन्हाळ्यात कुरडया करते, तसे." हे ऐकून तिची आई हसली, पण उपमा तंतोतंत आहे. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, त्याचा चीक काढतात आणि शिजवितात. चीक पातळ राहिला तर कुरडई पसरून जाते. घट्ट झाला तर सोऱ्यातून उतरत नाही आणि दाबणाऱ्याचे मनगट भरून येते. बेताचा झाला तर दाबताना सैल होतो आणि बाहेर पडताच आकार धरतो. छपाईच्या जैवशाईस नेमका हाच गुण लागतो. ही शाई समुद्रशैवालाच्या अर्काची, जिलेटिनची अथवा दुसऱ्या कशाची पाणीदार खळ असते आणि तिच्यात पेशी कालविलेल्या असतात. फरक इतकाच की चिकात जीव नसतो. येथे दाब वाढविला तर पेशी चिरडतात, कमी केला तर रेघ तुटते, आणि वेळ लावला तर शाईतच पेशी मरू लागतात. तिची पहिली चौदा महिने केवळ चीक बेताचा करण्यात गेली. रोज प्रमाण बदलावयाचे, छापावयाचे, सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत किती व मेलेल्या किती ते मोजावयाचे आणि वहीत लिहावयाचे.

आता आपल्या भुवयांमधल्या पट्टीकडे परत येऊ. पेशीला अन्न आणि प्राणवायू रक्तातून मिळतो, आणि जवळची केशवाहिनी मिलिमीटरच्या एकदशांश ते दोनदशांश अंतराहून दूर असेल तर ती पेशी उपाशी मरते. म्हणजे छापलेला तुकडा नखाहून जाड झाला की त्याचा गाभा मरू लागतो. २०१९ साली इस्रायलमधील तेल अवीव विद्यापीठात टाल ड्वीर यांच्या चमूने रुग्णाच्या पेशींपासून चिमुकले हृदय छापले, सशाच्या हृदयाएवढे. वर्तमानपत्रांनी मथळे दिले. परंतु पेशी सुट्या सुट्या आकुंचन पावत होत्या. सर्वांनी मिळून रक्त ढकलावे ही क्रिया साधली नव्हती. हे त्या चमूनेच प्रांजळपणे सांगितले होते, मथळ्यांत ते आले नाही.

उलट ज्या ऊतींना मुळात रक्तवाहिन्याच नसतात, तेथे यश लवकर दिसू लागले. कूर्चा ही अशी एक. २०२२ च्या मार्चमध्ये अमेरिकेत वीस वर्षांच्या एका तरुणीस तिच्याच कूर्चापेशींपासून छापलेला कान बसविण्यात आला. आणि दुसरी म्हणजे डोळ्याच्या बुबुळावरचे पारदर्शक पटल, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. ते जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड आणि पूर्ण पारदर्शक. रक्तवाहिन्या असत्या तर आपणांस दिसलेच नसते. ही दुसरी गोष्ट आपल्या अगदी उंबरठ्याशी घडली आहे.

आपल्या स्टेशनावरून जाणारा रूळ परळी, उदगीर, बीदर, विकाराबाद करीत हैदराबादेस जातो. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो आणि आजही डोळ्यांचे दुखणे हाताबाहेर गेले की आपली माणसे तिकडे धावतात. तेथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, हैदराबादची आय. आय. टी. आणि पेशी व रेणूजीवशास्त्र केंद्र, म्हणजेच सीसीएमबी, या तीन संस्थांनी मिळून मानवी कॉर्निया छापला आणि सशाच्या डोळ्यात बसवून पाहिला, हे २०२२ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाले. डॉ. सायन बसू, डॉ. विवेक सिंह, प्रा. फाल्गुनी पती व डॉ. किरण कुमार यांनी हे काम चालविले. माणसात वापरण्यापूर्वी अजून पुष्कळ चाचण्या लागतील, असे त्यांनी त्याच वेळी सांगून ठेवले.

त्यांची शाई कशाची होती, हे ऐकून आम्ही थक्क झालो. ती माणसांच्या दान केलेल्या डोळ्यांपासूनच केली होती. दानात आलेले सगळेच डोळे दुसऱ्यास बसविण्याजोगे नसतात. असे पटल घेऊन त्यातील पेशी धुऊन काढतात. मागे जी निर्जीव जाळी उरते तिची शाई होते आणि तिच्यात मानवी डोळ्यातील मूलपेशी घालतात. म्हणजे "म्हाताऱ्याच्या डोळ्यांचा काय उपयोग?" असे म्हणून आपण जे दान टाळतो, त्यालाही येथे मोल आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीस कळवावे लागते. मांडवाच्या दाराशी डाव्या हाताच्या मेजावर संकल्पपत्रे ठेवली आहेत. आम्ही उभयतांनी भरली. आमच्या मंडळींनी आमच्याआधी.

दुसरे उदाहरण आपल्या शिवारातले. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत तुतीची लागवड पुष्कळ झाली. परभणीच्या कृषी विद्यापीठात रेशीम संशोधन योजना चालते, आणि जालन्यास २०१८ पासून कोषांचा बाजार भरतो. आपल्यापैकी काही कुटुंबे कोष घेतात. कोषाचा धागा अखंड उकलला तर भाव, तुटला की भाव पडला, हे त्यांना सांगावयास नको. पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, १९५० साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तेथे डॉ. अनुया निसळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेशमाच्या प्रथिनापासून हाडाची पोकळी भरून येण्यासाठी सच्छिद्र परांची तयार करण्याचे काम केले आणि त्यातूनच पुढे पुण्यात सेरिजेन ही कंपनी निघाली. एकंदर पद्धत अशी की कोष सोड्याच्या पाण्यात उकळून वरचा डिंक काढतात, उरलेला तंतू क्षाराच्या तीव्र द्रावणात विरघळवितात, क्षार धुऊन टाकतात आणि त्या द्रवापासून स्पंजासारखा पदार्थ घडवितात. येथे अखंड धाग्याची गरजच नाही. प्रयोगशाळेत कोष सरळ कात्रीने कापतात. हाडाला रक्त लागते खरे, पण छिद्रे बेताची ठेवली तर शरीर स्वतःच त्यांतून नव्या वाहिन्या पाठविते. पुण्याच्या कारागिराने पट्टी ठेवली, यांनी छिद्रे ठेवली.

या शास्त्राची काळी बाजूही सांगणे आम्ही कर्तव्य समजतो, कारण ती सांगितल्याशिवाय इतकी वर्षे का लागतात हे कळणार नाही. २०११ साली स्वीडनमधील प्रख्यात कॅरोलिन्स्का रुग्णालयात पाओलो मॅकियारिनी या शल्यविशारदाने प्लॅस्टिकची श्वासनलिका रुग्णाच्याच मूलपेशी लावून बसविली. जगभर जयजयकार झाला. जनावरांवर पुरेसे प्रयोग न करताच हे केले होते. नलिका जिवंत झालीच नाही. तेथे असे उपचार झालेले तिन्ही रुग्ण दगावले. त्याच रुग्णालयातील चार डॉक्टरांनी कागदपत्रे जमवून २०१४ साली तक्रार केली, तेव्हा आरंभी त्यांच्यावरच ठपका आला. अखेर २०२३ च्या जूनमध्ये अपील न्यायालयाने मॅकियारिनी यांस अडीच वर्षांची शिक्षा ठोठावली. चौदा महिने चीक बेताचा करणारी मुलगी मंद आहे की शहाणी, याचा निवाडा या हकिकतीवरून आपणच करावा.

तिचा दिवस कसा जातो तेही सांगतो. पेशी सदतीस अंशांच्या उबेत पेटीत ठेवलेल्या असतात. दर दोनतीन दिवसांनी त्यांचे खाद्य बदलावे लागते. रविवार नाही, दिवाळी नाही. गोठ्यात जनावर बांधलेल्या घराला जसा सण नसतो, तसेच. एकदा बुरशी शिरली आणि सात आठवड्यांची पैदास एका रात्रीत फेकून द्यावी लागली. दोन वर्षांनी एक निबंध छापून येईल; त्यावर सहा जणांची नावे असतील, त्यांत एक तिचे. त्या विटा करणाऱ्याच्या वाट्याला तेही आले नव्हते. तिने आम्हांस विचारले, "गुरुजी, बैठकीत काय सांगाल?" आम्ही म्हटले, आहे ते सांगू.

तेव्हा, अध्यक्षमहाराज, आमच्या दोन सूचना आहेत. वधूवर-सूचीच्या छापील नमुन्यात 'संशोधक' हा रकाना घालावा. याला खर्च काहीच नाही, आणि तिच्या आईवडिलांस लोकांपुढे खुलासे करीत बसावे लागणार नाही. दुसरी निधीच्या नियमाविषयी. 'अंतिम पदवी मिळेपर्यंत' या शब्दांपुढे 'अथवा पदवीनंतर मान्य संस्थेत मुदतबंद संशोधन करीत असेल तर त्यापुढे कमाल तीन वर्षे' एवढे शब्द वाढवावे. रक्कम देणगी म्हणून नको, बिनव्याजी उसनवारी म्हणून द्यावी. विद्यावेतन थकले म्हणजे घ्यावी, आले म्हणजे फेडावी. सोयाबीनच्या पट्टीवर हा भार पडू नये इतकाच हेतू. निधीतून वैद्यकीच्या मुलांस पुस्तकांसाठी मिळते त्यात यामुळे कपात होईल, अशी शंका कोषाध्यक्षांनी आम्हांस काल बोलून दाखविली. ती रास्त आहे, आणि म्हणून यंदा अशा एकाच अर्जाची तरतूद करावी असे आम्ही मसुद्यात घातले आहे. मसुदा चिटणीसांकडे दिला आहे. सूचक म्हणून आमची सही आहे. अनुमोदकाची जागा अजून कोरी आहे, आणि सर्वसाधारण सभा जेवणानंतर तीन वाजता आहे.